आपल्या घरची धूळ

किरणोत्सवाचा दुसरा दिवस होता. या दिवसांत मावळतं ऊन थेट गाभाऱ्यातल्या देवीपर्यंत पोचतं. फेब्रुवारीची सुरुवात, सहा वाजून गेलेले, आणि कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. आई आणि मी गरुड मंडपाच्या बाजूला, गर्दीतच एका कडेला टेकून उभ्या होतो. तिथून गाभारा दिसत नाही. पण महाद्वारातून आत शिरलेला उन्हाचा पट्टा मंडपातून पुढे सरकताना बाजूनं अगदी स्पष्ट दिसत होता. गाभाऱ्यातले दिवे मालवले होते. कापूर, शेवंती आणि घाम यांचा एकत्र वास येत होता. गर्दीचा आवाज हळूहळू खाली बसला आणि त्या पिवळ्या पट्ट्यात धुळीचे कण वर-खाली होताना दिसायला लागले. एखादा कण चमकायचा, गिरकी घ्यायचा, विझायचा. ऊन कासव चौकातून पुढं गेलं, पितळी उंबरा ओलांडला, चांदीचा उंबरा ओलांडला. त्या दिवशी ते देवीच्या चरणांवरून वर चढायला हवं होतं. चढलं नाही. चरणांपाशी थोडा वेळ रेंगाळलं, फिकट होत गेलं आणि मावळलं. घंटा झाली, आरती सुरू झाली. शेजारचा एक माणूस फोनवर कुणाला तरी सांगत होता, "न्हाई चढली किरणं. हवेत धूळ लई हाय म्हणत्यात."

आईनं पदर सावरला. डोळे अजून मंडपाकडंच होते. "आपल्या घरची धूळ आलीया बघ हितवर," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात दुःख नव्हतं, रागही नव्हता. लग्नाच्या मांडवात बऱ्याच वर्षांनी एखादा लांबचा पाहुणा दिसावा आणि आपण त्याला चालीवरून ओळखावं, तसा तिचा आवाज होता. आम्ही चपला शोधल्या, महाद्वार रोडवर तिला उसाचा रस प्यायचा होता तो प्यायलो आणि रिक्षानं घरी आलो. वाक्य मात्र माझ्याबरोबर राहिलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात वर्गावर असताना फळ्यावरून डस्टर फिरवलं, खडूची भुकटी खिडकीतल्या उन्हात तरंगली, आणि मी शिकवता शिकवता मध्येच थांबले.

आण्णा, माझे वडील, फाउंड्रीत होते, लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात. आधी उद्यमनगरात मोल्डिंगला, मग शिरोलीला एमआयडीसीत. नॉकआउट म्हणजे साचे फोडणं, फेटलिंग म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणं, असं करत करत शेवटी भट्टीवर. एकूण ३१ वर्षं. फाउंड्रीची वाळू मुळात पांढुरकी असते, साधी सिलिका. तिच्यात बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि पाणी घालून मळायचं, साचा करायचा, वितळलेलं लोखंड ओतायचं, साचा फोडायचा, तीच वाळू पुन्हा मळायची. असं कितीदा तरी झालं की ती काळी कुळकुळीत होते. ती काळी वाळू आमच्या घरात आणून सोडायची नाही, एवढा एकच नियम आईनं आयुष्यभर लावून धरला. लुना लावली की आण्णांनी उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. सदरा काढायचा आणि तिथंच झटकायचा, तीनदा. मग चपला एकमेकींवर आपटायच्या. "पाय झटका आधी," हे आईचं रोजचं स्वागत होतं. त्यानंतर बादलीत पाय. पाणी काळं व्हायचं, आणि ते ओतल्यावर बादलीच्या तळाशी वाळूची बारीक चंद्रकोर उरायची. एवढं करूनही सकाळी झाडताना केरात काळी रेघ निघायचीच. आई सुपली तिरकी करायची तेव्हा कागदाचे कपटे, केस, तांदळाची फोलकटं आधी पडायची आणि ती वाळू सर्वांत शेवटी घसरायची, कागदावरून मीठ सांडल्यासारखा आवाज करत.

दिवाळीच्या सुट्टीत एकदा मी त्यांचा डबा घेऊन गेले होते. सहावी-सातवीत असेन. आण्णांनी मला भट्टीपासून बऱ्याच अंतरावर उभं केलं आणि खिशातली निळी काच हातात दिली. लाकडी चौकटीत बसवलेली, कडा झिजलेल्या, त्यांच्या अंगठ्याचा काळा ठसा कायमचा उमटलेला. काचेतून बघितलं तेव्हा भट्टीच्या तोंडातला डोळे दिपवणारा झोत विझला आणि आत काहीतरी हळूहळू वळताना दिसलं. वर साय धरल्यासारखा स्लॅग, म्हणजे लोखंडावर तरंगणारी मळी, मध्ये फुटून दिसणारं लोखंड. काच काढली की नुसता उजेड, काच लावली की आतलं हलणं. आण्णा रंगावरून लोखंडाचा ताव सांगायचे. पुढं कंपनीनं तापमान मोजायची गन घेतली, लांबूनच रोखून धरली की आकडा दाखवणारी. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आण्णांना आधी अंदाज सांगायला लावला आणि मग गन रोखली. फरक फार नव्हता. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, तुम्हाला कसं कळतं हो? ते म्हणाले, "डोळ्याला दिसायच्या आधी गालाला कळतंय."

हे वाक्य मी दरवर्षी वर्गात सांगते. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथं डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथं, थर्मामीटर ठेवला. पारा चढला. अवरक्त प्रकाशाचा शोध तो. आण्णांच्या गालाला जे कळायचं ते हेच. लोखंड लाल व्हायच्या कितीतरी आधीपासून ते अवरक्तात बोलत असतं. आपणही बोलत असतो. माणसाचं अंग, चुलीजवळची भिंत, उन्हात तापलेली फरशी, सगळ्यांतून तो प्रकाश बाहेर पडतो, आणि साधारण १० मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ताऱ्याच्या भोवती धूळ असेल तर तीही अशीच तापते आणि अशीच बोलते. नेहमीच्या प्रकाशात ताऱ्याच्या झगझगाटापुढं तिचं काही चालत नाही. अवरक्तात तारा थोडा मवाळ होतो, धूळ उजळते. आण्णांच्या निळ्या काचेसारखंच हे. उजेड कमी करायचा म्हणजे आतलं दिसतं.

पण नुसतं उजळून भागत नाही. तारा इतका लांब असतो की मोठ्यात मोठ्या दुर्बिणीतूनही तो आणि त्याच्या अगदी अंगालगतची धूळ यांचा एकच ठिपका दिसतो.

इथं व्यतिकरण कामाला येतं. बारावीला यंगचा दोन फटींचा प्रयोग शिकवताना मी जात्याचं उदाहरण देते, कारण आमच्या आजीच्या घरी मी ते बघितलं आहे. एका खुंट्याला दोघी जणी. दोघींची ओढ एका लयीत असली की जातं भरभर फिरतं, आणि एकीनं ओढताना दुसरीनं उलटं ढकललं की जागच्या जागी थांबतं. प्रकाशाच्या लाटांचं असंच. दोन वाटांनी आलेला एकाच ताऱ्याचा प्रकाश एकत्र आणला की कुठं लाटा जुळून उजळ पट्टा होतो, कुठं एकमेकींना मारून काळा. तारा अगदी बारीक बिंदू असेल तर पट्टे ठसठशीत उमटतात. तो थोडा पसरट असेल तर त्याच्या डाव्या कडेचे पट्टे उजव्या कडेच्या पट्ट्यांवर पडून सगळं पुसट होतं. किती पुसट झालं यावरून तो किती पसरट आहे हे काढता येतं. प्रकाश गोळा करणारे दोन डोळे, म्हणजे आरसे किंवा दुर्बिणी, एकमेकांपासून जितके लांब ठेवाल तितकं बारीक कळतं. १९२० च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियात माउंट विल्सनवर मायकेल्सन आणि पीझ यांनी १०० इंची दुर्बिणीच्या तोंडावर २० फुटांची तुळई आडवी बसवली. तुळईवरचे दोन आरसे एकमेकांपासून लांब लांब सरकवत नेले. मृगातल्या काक्षी या लाल ताऱ्याचे (इंग्रजीत बीटलजूस) पट्टे १२१ इंचांवर नाहीसे झाले. सूर्य सोडून दुसऱ्या एखाद्या ताऱ्याची रुंदी माणसानं मोजली ती तेव्हा पहिल्यांदा.

आज हेच काम चिलीच्या अटाकामा वाळवंटात सेरो परानाल नावाच्या डोंगरावर चालतं. ८.२ मीटरच्या चार मोठ्या दुर्बिणी, शिवाय रुळांवरून हलवता येणाऱ्या १.८ मीटरच्या चार लहान. त्यांच्यातला प्रकाश आरशांवरून उड्या घेत जमिनीखालच्या बोगद्यात येतो आणि एका खोलीत एकत्र होतो. हवेतलं बाष्प अवरक्त प्रकाश गिळून टाकतं, म्हणून इतकी कोरडी जागा. मला त्यातला सर्वांत जवळचा वाटतो तो बोगदा. तारा डोक्यावर नसतो, तिरका असतो, त्यामुळं त्याचा प्रकाश एका दुर्बिणीला आधी गाठतो, दुसरीला जरा नंतर. दोघांची भेट घडवायची तर आधी आलेल्याला थांबवून ठेवावं लागतं. त्यासाठी बोगद्यात रुळांवर आरशांच्या गाड्या आहेत. आधी आलेल्या प्रकाशाला त्या मुद्दाम लांबचा फेरा घालायला लावतात. पृथ्वी फिरते तसा तारा सरकतो, तशा गाड्याही रात्रभर सरकत राहतात, आणि चूक मायक्रॉनच्या आतली. मोठ्या दुर्बिणींपैकी सर्वांत लांबच्या दोघींमध्ये १३० मीटर अंतर आहे. एवढ्या अंतरावरून, २ मायक्रॉनच्या आसपासच्या प्रकाशात, चंद्रावर उसाचा ट्रक उभा केला तर त्याची लांबी कळावी इतकं बारीक दिसतं. हे मी पहिल्यांदा कागदावर आकडेमोड करून पाहिलं, त्या रात्री मला झोप लागली नाही.

आईला हे सगळं सांगायचं मी ठरवलं नव्हतं. किरणोत्सवानंतरच्या रविवारी ती ओसरीवर शेंगा फोडत होती आणि मी शेजारी बसले होते. तिच्या त्या वाक्याबद्दल विचारायचं मनात होतं, पण तोंडातून निघालं ते अभिजित ताऱ्याचं. म्हटलं, आई, ताऱ्यांच्या घरीपण धूळ असते. तिनं शेंग फोडता फोडता मान वर केली. मी सांगत गेले. अभिजित हा चांगला तेजस्वी, पांढरा तारा. १९८३ मध्ये अवकाशातल्या एका अवरक्त दुर्बिणीला त्याच्याभोवती लांबवर थंड धूळ सापडली. २००६ मध्ये माउंट विल्सनवरच, मायकेल्सनच्याच डोंगरावर, सहा दुर्बिणींचा जो ताफा आहे त्यानं आणखी एक गोष्ट दाखवली. अभिजितचे पट्टे असायला हवेत त्यापेक्षा किंचित पुसट होते. तारा तेवढा पसरट नव्हता. मग पुसट कशानं? हिशेब केला तर त्या प्रकाशातला सुमारे सव्वा टक्का ताऱ्याचा नव्हताच. तो त्याच्या अंगालगतच्या धुळीचा होता, हजार अंशांच्या वर तापलेल्या. आणि गंमत अशी, मी म्हटलं, की ती धूळ तिथं टिकायलाच नको. एवढ्या जवळ कण वाफ होऊन जातात, आणि फार बारीक असले तर ताऱ्याचा प्रकाशच त्यांना बाहेर ढकलून देतो. तरी ती आहे.

आईनं टरफलं सुपात ओढली. "आज झाडली आणि उद्या हायच म्हटल्यावर कुठनं तरी रोज येतीया की गं. आत कुणीतरी घेऊन येतंय."

अभ्यासकही अगदी इथंच येऊन थांबले आहेत. कुणी म्हणतं धूमकेतू लांबून येऊन तिथं सांडत असावेत, कुणी म्हणतं अतिबारीक कण ताऱ्याच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून राहत असावेत. प्रश्न अजून सुटलेला नाही. पण सुरुवातीचं पाऊल आईचंच: रोज झाडूनही रोज दिसते, म्हणजे रोज नवी येते. तिनं हे ३१ वर्षं केरसुणीनं सिद्ध केलं होतं. मला तिचा हात धरावासा वाटला, पण हातभर शेंगांची माती होती आणि तिला असलं काही आवडत नाही.

आता जे लिहायचं आहे ते मी बराच काळ टाळलं. परानालवरच्या दुर्बिणींनी २००४ साली तीन तरुण ताऱ्यांभोवतीच्या धुळीच्या चकत्या १० मायक्रॉनच्या प्रकाशात तपासल्या. त्या तरंगलांबीला सिलिकेटची, म्हणजे दगडातल्या खनिजांची, खूण उमटते. दिसलं असं, की ताऱ्याजवळच्या आतल्या भागात त्या धुळीचे स्फटिक झालेले आहेत, बाहेरच्या भागात कमी. ऑलिविन आणि पायरॉक्सिन ही त्या खनिजांची नावं. पायरॉक्सिन आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात ठासून भरलेलं आहे, म्हणजे ज्या दगडाला टेकून आई आणि मी उभ्या होतो त्यातही. पृथ्वीसारखे ग्रह अशाच धुळीचे गोळे होत होत तयार होतात. हे वाचताना मला आनंद झाला, खराखुरा. आणि लगेच दुसरी ओळ वाचली: ही खूण ठळक उमटायची तर कण काही मायक्रॉनपेक्षा मोठे नसावे लागतात.

काही मायक्रॉन. हा आकडा मी आधी एका दवाखान्यात ऐकला होता.

आण्णांना खोकला होता. तो कधी सुरू झाला ते कुणालाच सांगता येत नाही. आधी एका ठिकाणी टीबीची औषधं दिली, सहा महिने. फरक नाही. मग दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. छातीच्या वरच्या भागात बारीक पांढरे ठिपके होते, दोन्ही बाजूंना सारखे. रात्रीच्या आभाळासारखे, असं माझ्या मनात आलं आणि ते मनात आल्याबद्दल मला अजून वाईट वाटतं. डॉक्टरांनी विचारलं, "कामाला कुठं होता?" आण्णा म्हणाले, फाउंड्रीत. त्यांनी मान हलवली. सिलिकोसिस. मग त्यांनी समजावलं की डोळ्यांना दिसते ती वाळू नाकात, घशात अडकते, खोकून बाहेर पडते. काही मायक्रॉनचे कण थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात आणि तिथंच राहतात. आण्णा नॉकआउटला असताना तोंडाला ओला टॉवेल बांधायचे. कंपनीनं मास्क दिले होते कधीतरी, पण भट्टीशेजारच्या उकाड्यात ते कुणीच लावत नसे आणि लावा म्हणून कुणी मागंही लागत नसे. टॉवेलनं मोठे कण अडले. बारीक गेले. आईनं जी धूळ उंबऱ्याबाहेर थोपवली, बादलीत बुडवली, सुपलीतून टाकली, ती सगळी निरुपद्रवी धूळ होती. घरात यायची ती आण्णांच्या आत बसून येत होती.

फाउंड्रीची सिलिका आणि ताऱ्याभोवतीचं सिलिकेट एकच नव्हे. पण दोघांची भावकी एक, दोघांतही सिलिकॉन आणि ऑक्सिजन, आणि आकारही तोच. तेव्हापासून या विषयावरचं काहीही वाचताना मला दोन गोष्टी एकाच वेळी होतात. छाती भरून येते की अशा कणांतून आपण सगळे आलो. आणि चीड येते की तोच कण एका माणसाला जिना चढू देत नव्हता. या दोन्हींची सांगड मला घालता आलेली नाही. घालायचा आता प्रयत्नही करत नाही.

२०२० च्या जानेवारीत आण्णा गच्चीवर खुर्ची टाकून बसायचे. आत पडून राहिलं की धाप लागायची, बाहेर बसलं की जरा बरं. मी त्यांच्या खांद्यावर शाल टाकायची आणि शेजारी उभी राहायची. त्या हिवाळ्यात काक्षी मंद होत चालला होता. एरवी मृगात तो आणि राजन्य अशी दोघांची सरशी असते. तेव्हा काक्षी रोहिणीपेक्षाही उतरला होता आणि फेब्रुवारीत तर मृगाच्या दुसऱ्या खांद्याच्या पातळीला आला. जगभर चर्चा होती की तारा फुटणार की काय. मी आण्णांना बोट दाखवून सांगितलं, तो तांबडा बघा, नेहमी इतका मंद नसतो. ते बघत राहिले. भट्टीकडे बघायचे तसेच, एक डोळा किंचित बारीक करून. मग दोन श्वासांच्या मध्ये थांबत म्हणाले, "आत लोखंड हाय तसंच असंल. वर स्लॅग आलाय त्याच्या."

मी हसले आणि शाल नीट केली. म्हणाले, "बघ, सरंल बाजूला."

एप्रिलपर्यंत काक्षी पुन्हा उजळला. आण्णा त्याच वर्षी पावसाळ्यात गेले. २०२१ च्या जूनमध्ये परानालच्या दुर्बिणींवरचं काम छापून आलं. काक्षीनं आधी वायूचा मोठा बुडबुडा बाहेर टाकला होता. मग त्याच्या पृष्ठभागाचा एक भाग थोडा निवला, आणि तेवढ्या गारव्यात बाहेर पडलेला वायू गोठून त्याची धूळ झाली. ती धूळ नेमकी आपल्या आणि त्याच्या मध्ये आली. व्यतिकरणानं ताऱ्याची रुंदी मोजली तर तीत फरक पडलेला नव्हता. तारा होता तसाच होता. मी ते वाचलं तेव्हा लॅपटॉप तसाच हातात घेऊन गच्चीवर गेले. भर दुपार होती, पावसाची झड नुकतीच थांबली होती आणि प्लास्टिकच्या खुर्चीत पाणी साचलं होतं. सांगायला कुणी नव्हतं. खाली येऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "त्यांना कळायचंच ते," एवढं बोलून तिनं ताट फिरवलं.

यंदा किरणोत्सवानंतरच्या अमावास्येला मी आईला घेऊन मसाई पठारावर गेले. बहात्तरी ओलांडली तिनं, गुडघे दुखतात, पण भाच्याची जीप होती आणि तिला पन्हाळ्याकडं जाऊन बरीच वर्षं झाली होती. कारण तिला सांगितलं नाही, नुसतं चल म्हटलं. आम्ही पोचलो तेव्हा सूर्य कोकणाच्या बाजूला बुडाला होता. गवत वाळून करकरीत झालेलं, एका अंगाला वणव्यानं काळं. वारा होता. पाठीमागं पूर्वेला कोल्हापूरचा नारिंगी उजेड क्षितिजावर साचला होता, त्याच्याकडं पाठ करून आम्ही सतरंजी अंथरली. तास-सव्वा तास गेला. संधिप्रकाश पूर्ण संपला, डोक्यावर मृग आला, काक्षी आपल्या नेहमीच्या तांबड्या तावात. मग पश्चिमेला, जिथं सूर्य बुडाला होता त्याच जागेवरून, एक फिकट उजेड वर चढलेला दिसायला लागला. खाली रुंद, वर निमुळता, कृत्तिकांच्या दिशेनं किंचित कललेला. इतका पुसट की थेट बघितलं तर विरतो, जरा बाजूला नजर ठेवली की दिसतो. राशिचक्रीय प्रकाश म्हणतात त्याला. धूमकेतूंनी टाकलेली आणि लघुग्रहांच्या टकरींतून निघालेली धूळ सूर्याभोवती पसरलेली असते, तिच्यावर पडलेलं हे सूर्याचंच ऊन. सूर्य सोडला तर आपल्या सूर्यमालेत अवरक्तात सर्वांत तेजस्वी हीच. दुसऱ्या एखाद्या ताऱ्यावरून कुणी आपल्याकडे बघत असेल तर पृथ्वी दिसायच्या आधी त्यांना ही दिसेल, आणि हिच्यामुळंच कदाचित पृथ्वी दिसणार नाही. आपलीही तीच अडचण आहे. पृथ्वीसारखे ग्रह शोधायचे तर त्या त्या ताऱ्याच्या अंगणात किती धूळ आहे हे आधी कळायला हवं. ॲरिझोनात एका बैठकीवर बसवलेल्या दोन प्रचंड आरशांनी ३८ ताऱ्यांचा प्रकाश त्याच्यावरच उलटवून विझवला आणि मागं उरलेली धूळ मोजली, ती याचसाठी. ब्रेसवेल या शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये ही युक्ती सुचवली होती. तारा विझवायचा म्हणजे अंगण दिसतं.

यातलं मी आईला थोडंच सांगितलं. बोट धरून दाखवलं, थेट बघू नको, जरा डावीकडं बघ म्हटलं. तिला दिसायला वेळ लागला. मग दिसलं, हे मला तिच्या गप्प बसण्यावरून कळलं.

"देवळात आलं ते ऊन हेच?" तिनं विचारलं.

"हेच. सूर्य गेला, मागं धुळीवरचं राहिलं."

"हं."

ती बराच वेळ तिकडं बघत राहिली. वाऱ्यानं पदर डोक्यावरून खाली आला, तो तिनं सावरला नाही. मला तिला विचारायचं होतं की त्या दिवशी मंडपात आण्णा आठवले होते का, की नुसतंच म्हणाली होतीस. विचारलं नाही. भाच्यानं लांबून बॅटरी लावली तसा डोळ्यांपुढचा तो उजेड पुसला गेला. सतरंजीची घडी घातली, आईला हाताला धरून उठवलं. जांभ्याची लाल माती आमच्या पायांना, साड्यांच्या काठांना लागली असणार, अंधारात दिसत नव्हती. मी जीपचं दार उघडलं आणि एक पाय आत टाकला.

"पाय झटक आधी," आई म्हणाली.

मी खाली उतरले, चपला काढल्या आणि एकमेकींवर आपटल्या. तीनदा.